घरातल्या जुन्या लाकडी संत अंतोनीला रंग द्यावा का? (फोटो नीट आले नाहीत, माफ करा)

बावखल

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं वसईतलं जुनं घर पाडायला काढलंय (वाटणी, नवीन बंगला वगैरे, त्यावर लिहायला बसले तर धागा भरकटेल). सामान वाटताना आजीच्या खोलीतल्या आल्तारावरचा (म्हणजे घरातल्या वेदीवरचा) संत अंतोनी माझ्या वाट्याला आला, खरं सांगायचं तर कोणालाच नको होता म्हणून आला. उंची साधारण सव्वादोन फूट, लाकडाचा, एका हाताने उचलवत नाही. झगा तपकिरी ऑईलपेंटचा, चेहरा गुलाबी, ओठ असे लालभडक की लहानपणी आम्हाला वाटायचं हा पान खातो. पप्पा सांगतात की दर चार-पाच वर्षांनी सणाच्या आधी घरात जो रंग उरला असेल तो लावायचे, मधे काही वर्षं झगा खिडक्यांसारखा हिरवागार होता म्हणे. उजव्या हाताची दोन बोटं गेलीत, डाव्या हातावर बंद पुस्तक आहे, पायाशी बारीक बारीक भोकं आहेत आणि पाठ पूर्ण पोकळ आहे, म्हणजे पुढून माणूस आणि मागून होडी.

आता १३ जूनला सण आहे आणि तोपर्यंत त्याला जरा नीटनेटका करावा असं मनात आहे. गावातला सुतार म्हणतो पॉलिश पेपर मारून सगळा रंग काढू, खाली अस्सल सागवान असणार, फ्रेंच पॉलिश केलं की चमकेल. पेंटर म्हणतो लांबी भरून नवीन रंग, दोन दिवसांचं काम. एक अँटिकवाला येऊन गेला त्याने न विचारता पंचवीस हजार सांगितले आणि म्हणाला काही करू नका, आहे तसा द्या, त्यामुळे मी जास्तच गोंधळले. त्यात कॅनडातला चुलतभाऊ म्हणतो विकू नकोस, मी दिवाळीत येतो तेव्हा बॅगेतून घेऊन जातो.

कोणी अशा मूर्तीचं काम केलंय का? आणि हा किती जुना असेल हे कसं कळणार?

रंधा

फोटो आडवे आलेत, मान दुखली. पण पाठीचा फोटो बघून बरं वाटलं.

आयुष्य फर्निचरमध्ये गेलं म्हणून सांगतो, पाठ पोकळ आहे म्हणजे करणारा अडाणी नव्हता. ओंडक्याचा गाभा आणि बाहेरचा भाग एकसारखे सुकत नाहीत, गाभा आत राहिला की पाच-दहा वर्षांत छातीवरून उभी चीर जाते. म्हणून मागून गाभा पटाशीने उपसून टाकायचा, वजनही कमी होतं. अशी मूर्ती भिंतीला किंवा कोनाड्यात ठेवायचीच असते, पाठ कोण बघतंय. मिरवणुकीत न्यायची मूर्ती मात्र चारी बाजूंनी कोरावी लागते. त्यामुळे तुमचा अंतोनी मुळात कुठल्या तरी आल्तारासाठीच केलेला असणार.

आतल्या बाजूला हत्याराच्या खुणा असतील तर त्यांचा जवळून फोटो टाका. रंग लागला नसेल तर तिथेच लाकूडही दिसेल, सागवान आहे का ते मी सांगतो. पॉलिश पेपरवाल्या सुताराला मात्र घरात घेऊ नका, माझ्याच जातीचा आहे म्हणून हक्काने सांगतोय.

स्पष्टच_बोलतो

मला एक कळत नाही, घरातला देव आहे ना हा? मग म्युझियमचे नियम कशाला? तुमच्या आजीने जे केलं तेच करा, रंग द्या, मेणबत्ती लावा, विषय संपला. आमच्याकडे पंढरपूरला विठोबाला वज्रलेप करतातच की. मूर्ती झिजली तर भक्तच काहीतरी करणार, ती पूजेत आहे म्हणूनच टिकली, नाहीतर कधीच चुलीत गेली असती.

कापूसबोळा

@स्पष्टच_बोलतो, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. लाकडाची मूर्ती तीनशे वर्षं टिकते ती कोणीतरी रोज तिच्याकडे बघतं म्हणून, वाळवी लागली की त्याच दिवशी कळतं. पण वज्रलेपाचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं हो, तो तज्ज्ञ लोक विचार करून करतात, खिडकीचा उरलेला रंग नाही लावत. त्यापेक्षा वणीची सप्तशृंगी आठवा. २०२२ मध्ये तिथला शेंदराचा थर उतरवला, हजार किलोच्या वर निघाला, आणि आतून देवीचं असं रूप दिसलं जे आपल्या आजी-पणजीनेही पाहिलं नव्हतं. बावखल यांच्या अंतोनीचं तेच आहे, फक्त शेंदराच्या जागी ऑईलपेंट.

मी याच कामात आहे (कुठे ते नको), म्हणून थोडं लांबण लावते.

जुन्या लाकडी मूर्तीचा रंग म्हणजे लाकडावर फासलेला रंग नसतो. आधी लाकडाला सरस पाजायचा, त्यावर खडूची किंवा जिप्समची भुकटी सरसात कालवून पांढरं अस्तर, चांगले सात-आठ हात, ते घोटून गुळगुळीत. मग जिथे सोनं यायचं तिथे तांबूस चिकणमातीचा पातळ हात, त्यावर सोन्याचा वर्ख, तो अकीकाच्या दगडाने घासून चमकवायचा. आता गंमत बघा, त्या सोन्यावर पुन्हा पूर्ण रंग द्यायचा आणि रंग ओलसर असतानाच टोकदार काडीने नक्षी खरवडायची, म्हणजे खालचं सोनं रेघांतून वर येतं आणि झगा जरीचा दिसतो. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये याला एस्तोफादो म्हणतात. चेहरा आणि हात वेगळ्या पद्धतीने, तेलरंगात, घासून घासून कातडीसारखे केलेले. स्पेनमध्ये तर कोरणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा, दोघांच्या व्यवसायाचे नियम वेगळे. सेव्हियाच्या मोन्तान्येसला लोक लाकडाचा देव म्हणायचे, त्याच्या मूर्ती रंगवायचा पाचेको, जो पुढे चित्रकार वेलास्केझचा गुरू आणि सासरा झाला. म्हणजे रंगवणं हे काही हलकं काम नव्हतं.

सुताराने पॉलिश पेपर मारला की हे सगळं भुकटी होऊन जमिनीवर. युरोपातही जुन्या वस्तूंच्या बाजारात 'अस्सल लाकूड' दिसावं म्हणून कित्येक मूर्ती अशा सोलून ठेवल्यात, बघवत नाहीत.

ताई एक करा, झग्याच्या खालच्या कडेला जिथे आधीच टवका उडालाय तिथे भिंगातून बघा, थर मोजा. काहीही खरवडू नका, नुसतं बघा.

माईनकाठी

जर्मनीतल्या वुर्झबुर्गहून. हे जुन्या मूर्तिकार रीमेनश्नायडरचं गाव असल्यामुळे लाकडी संत उठता-बसता दिसतात, त्यामुळे राहवलं नाही.

वरच्या मुद्द्यात थोडी भर. सगळ्याच मूर्ती रंगवायला केलेल्या नसायच्या. रीमेनश्नायडरच्या बऱ्याच मूर्ती लिंडनच्या लाकडात नुसत्या पातळ तपकिरी झिलईच्या आहेत, फक्त डोळ्यांची बुबुळं आणि ओठ तेवढे टिपलेले. पण म्युनरश्टाट नावाच्या गावात त्याने १४९२ मध्ये अशी बिनरंगाची वेदी करून दिली आणि गावकऱ्यांना ती काही रुचेना, अहो हा काय देव, रंग कुठाय. शेवटी १५०४ मध्ये फाइट श्टोसला बोलावून ती रंगवून घेतली. हा श्टोस म्हणजे क्राकोवची ती प्रचंड वेदी करणारा (१४७७ ते १४८९, मधल्या मूर्ती माणसापेक्षा मोठ्या), आणि तेव्हा त्याचे दिवस इतके वाईट की खोटा दस्त केला म्हणून न्यूरेंबर्गमध्ये त्याचे दोन्ही गाल तापल्या सळईने भोसकले होते, म्हणून बिचारा मिळेल ते काम घेत होता. म्हणजे जगातला एक मोठा मूर्तिकार दुसऱ्या मोठ्या मूर्तिकाराच्या मूर्तीला रंग लावतोय, कारण गावाला रंग हवा. @स्पष्टच_बोलतो खूश झाले असतील.

आणि फ्लॉरेन्सला दोनातेल्लोची लाकडी मग्दालेना आहे, हाडं दिसणारी, केसांनी अंग झाकलेली. लोक वर्षानुवर्षं म्हणत होते काय तो काळपट उदास रंग, काय ते वैराग्य. १९६६ च्या पुरात ती चिखलाने भरली म्हणून साफ करायला घेतली तर खाली उन्हाने रापलेली कातडी आणि केसांत सोनं निघालं. वैराग्य बरंचसं काजळीचंच होतं!

बावखल

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद.

भिंगातून बघितलं (मुलाच्या शाळेच्या किटमधलं). टवक्याच्या कडेला वरून तपकिरी, मग तो हिरवा (पप्पा खरं बोलत होते), मग परत तपकिरी, मग एक निळसर करडा, मग पांढरं जाडसर आणि त्या दोघांच्या मधे एका ठिकाणी तांबडं काहीतरी आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढी चमक. मी दहा वेळा बघितलं. नवऱ्याला बोलावून बघायला लावलं. तो म्हणाला झुरळाचं पंख असेल.

पाठीच्या आतले फोटो टाकतेय, आत रंग नाहीये.

कापूसबोळा

झुरळ नाही हो!! पांढऱ्यावर तांबडं, त्यावर चमक, त्यावर निळा-करडा, हा क्रम बरोबर पुस्तकातला आहे. आणि तो करडा झगा म्हणजे चुकून लावलेला रंग नसणार, फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथातल्या संन्याशांचा) झगा नेहमी तपकिरीच असतो ही आपली आताची समजूत, जुन्या मूर्तींत करडे, निळसर, काळपट सगळे आहेत. गरिबीची शपथ घेतलेल्या संन्याशाच्या झग्यावर सोन्याची वेलबुट्टी, हा विनोद त्या काळी कोणाला खटकत नव्हता.

रंधा

फोटो बघितले. सागवान. रेषा, रंग, सगळं तेच. पटाशीचे घावही स्वच्छ आहेत, यंत्राचं काही नाही. म्हणजे लाकूड इकडचं, करणाराही बहुतेक इकडचाच. पोर्तुगालहून आलेली असती तर दुसरंच काही लाकूड निघालं असतं. पण नुसत्या लाकडावरून वय सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मांडवीपार

गोव्यातून नमस्कार. रंधाकाका म्हणतात ते खरं, 'करणारा इकडचा' यावर माझे दोन पैसे.

पंधराशेच्या शतकात इथे चर्चं उभी राहिली तेव्हा मूर्ती कोरणार कोण? पोर्तुगालहून येणाऱ्या जहाजात किती येणार. तर देवळाचे खांब आणि देव्हारे कोरणारे जे सुतार आणि चितारी होते तेच. ते हिंदू. धर्मगुरूंना ते खुपायचं, १५६७ च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ठरावच केला की ख्रिस्ती मूर्ती आणि वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घ्यायच्या नाहीत. आता ठराव करावा लागला याचाच अर्थ सगळे करून घेत होते, आणि नंतरही घेत राहिले, कारण हात दुसऱ्या कोणाचे नव्हते. म्हणून आमच्याकडच्या कितीतरी चर्चांत प्रवचनाच्या लाकडी मंचाखाली नागकन्येसारख्या बायका भार पेलत उभ्या असतात, देवदूतांचे गाल आमच्या शेजारच्या पोरांसारखे आणि मरियेच्या पायाखालचं कमळ खरं कमळ. हस्तिदंतातला तो प्रसिद्ध बाळ मेंढपाळ घ्या, डोंगरावर बसलाय, गाल हातावर टेकवून डोळे मिटलेत, खाली झरा आणि मेंढरं आणि अगदी तळाशी गुहेत आडवी पडलेली मग्दालेना. तो बाळ बघून ध्यानातला बुद्ध आठवला नाही असा माणूस मला अजून भेटला नाही.

बघायचं असेल तर जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं म्युझियम (आधी राशोल सेमिनरीत होतं, २००२ पासून इथे), आणि थोड्या अंतरावर सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं. बॉम जेझू चर्चमध्ये सगळे सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी बघून परत फिरतात, मुख्य वेदीवरचा सोन्यात मढवलेला लाकडी संत इग्नेशियस मान वर करून बघत नाहीत, खाली त्याच्या मानाने इवलासा बाळ येशू, ज्याच्या नावावर चर्च आहे.

ताई, एक विचारतो, हा संत अंतोनीच आहे कशावरून? बाळ येशू कुठाय? आमच्याकडे अंतोनी म्हणजे हातात पुस्तक, पुस्तकावर बाळ, किंवा मग शिवोलीचा, ज्याच्या हातातल्या दोरीत साप अडकलाय (चर्च बांधताना साप त्रास द्यायचा, कामावर अंतोनीची मूर्ती ठेवली, सकाळी साप त्याच्या दोरीत पकडलेला, अशी गोष्ट). नुसतं पुस्तक आणि फ्रान्सिस्कन झगा म्हणजे दुसरे पाच-सहा संत होऊ शकतात.

होडीवाला

किंवा गोन्सालो गार्सिया? वसईचाच, तोही फ्रान्सिस्कन, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला, १८६२ ला संत झाला.

मांडवीपार

@होडीवाला, गोन्सालोच्या हातात बहुतेक क्रूस नाहीतर भाला असतो. आणि हा मूर्ती म्हणून घरोघर यायला १८६२ नंतरचा काळ, कापूसबोळाताईंच्या त्या सोन्याशी जुळायला कठीण. अंतोनी मात्र पोर्तुगीज जिथे गेले तिथे गेला, कारण माणूस मुळात लिस्बनचाच, पादुआचा संत म्हणतात कारण १२३१ मध्ये तिथे वारला. वर्षाच्या आत संतपद मिळालं, इतका लाडका. जुन्या गोव्यातल्या त्याच्या मूर्तीला तर सैन्यात कप्तानाचा हुद्दा होता आणि दरसाल पगार निघायचा असं सांगतात, इथे आमचं पेन्शन अडकतं ते वेगळं.

बावखल

अहो संत अंतोनीच! आमच्या घरात काही हरवलं की आजी याच्यापुढे मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, "याला सांगून उपयोग काय, याचंच पोर हरवलंय." मी लहानपणापासून हे ऐकत आले पण याचा अर्थ काय ते कधी विचारलं नाही. आत्ता मांडवीपारांचा प्रतिसाद वाचताना अंगावर काटा आला.

कापूसबोळा

पुस्तकाच्या वरच्या बाजूला मधोमध बोट फिरवून बघा. भोक असेल, किंवा भरलेलं भोक. बाळ वेगळा कोरून लाकडी खुंटीने बसवायचे.

बावखल

आहे. मेणाने बुजवलंय आणि वरून रंग. करंगळीच्या टोकाएवढं.

होडीवाला

मूर्तीचे हात आणि बाळ या विषयावर आमची मोत माउली (माउंट मेरी) आठवलीच पाहिजे. वांद्र्याच्या डोंगरावरची. मूर्ती लाकडाची, पोर्तुगीजांच्या काळात जेझुईट पंथाच्या धर्मगुरूंनी आणलेली. १७०० च्या सुमारास समुद्रावरचे चाचे वर आले, हातातली वस्तू सोन्याची समजून उजवा हातच तोडून नेला. पुढे मराठ्यांच्या धामधुमीत देऊळ गेलं (आमचे म्हातारे चर्चला पण देऊळच म्हणतात), मग १७६० च्या आसपास परत बांधलं आणि मूर्ती दुरुस्त करताना त्या तुटक्या बाजूला बाळ बसवलं असं सांगतात. म्हणजे तुमच्याकडे बाळ गेलं आणि आमच्याकडे आलं. आत्ताचं चर्च १९०४ चं आहे. सप्टेंबरच्या जत्रेत आमच्या वेसाव्याच्या आणि कुठकुठल्या कोळणी हिरव्या साड्या नेसून येतात, मेणाचे हात-पाय, मेणाची होडी वाहतात, त्यातल्या अर्ध्या बायकांच्या घरी एकवीरेचा फोटो असतो. बघितलं नसेल तर एकदा बघा.

स्पष्टच_बोलतो

मराठ्यांचा विषय निघालाच आहे तर, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा नेल्या, नाशिकच्या नारोशंकराची १७२१ ची, मेणवलीची १७०७ ची. मग मूर्ती का नाही नेल्या?

रंधा

घंटा देवळात टांगता येते, संत अंतोनी कुठे टांगणार.

मांडवीपार

हाहा. पण खरंच, पडलेल्या चर्चांतल्या लाकडी मूर्तींचं काय झालं हा मोठा प्रश्न आहे, काही दुसऱ्या चर्चांत, काही घरांत गेल्या असणार. ताई, तुमच्या घराण्यात ही कुठून आली याची काही गोष्ट असेल तर ती आधी लिहून काढा, पप्पांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्ड करा. रंग नंतर.

कलम_कसाई

उशिरा आलो. कोर्टातल्या भाषेत न बोलता सांगतो.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२. शंभर वर्षांहून जुनी कोरीव मूर्ती म्हणजे पुरावस्तू, लाकडाची असली तरी. घरात ठेवायला, पूजा करायला कोणी अडवत नाही, पण पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसकट नोंद करून घ्या. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो, त्या अँटिकवाल्याला परवाना दाखवायला सांगा, पुन्हा फोन येणार नाही. आणि कॅनडावाल्या भावाला सांगा की देशाबाहेर पुरावस्तू नेणं खाजगी माणसाला बंद आहे, 'आजीची आठवण' हे विमानतळावर चालत नाही, मूर्ती जप्त आणि खटला वेगळा. अशी केस जवळून बघितली आहे, दिवाळी वाईट गेली त्यांची.

अजून एक. गोव्याकडच्या काही मूर्तींचा धड लाकडाचा आणि चेहरा-हात हस्तिदंताचे असतात. तसं असेल तर वन्यजीव कायदाही लागतो आणि विकायचा विषयच संपतो, कितीही जुनं असलं तरी. हात रंगाखाली काय आहेत?

बावखल

तुटलेल्या बोटांच्या ठिकाणी लाकूडच दिसतंय. भावाला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

भोकांचं काय करू ते कोणीच सांगितलं नाही अजून. एक शेजारीण म्हणते रॉकेल सोड.

कापूसबोळा

रॉकेल नको, डांबरगोळ्या नको, तिळाचं तेल नको, उन्हात तर मुळीच नको, लाकूड आणि अस्तर वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि रंग पापडासारखा उठतो. आधी किडा जिवंत आहे का ते बघा. मूर्तीखाली काळा कागद पसरा, भोकांच्या कडा बघून ठेवा आणि आठवडाभर हलवू नका. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा आहे, नाही पडला तर ती जुनी बिळं आहेत, राहू द्या. किडा असेल तर बंद पिशवीतली हवा काढून नायट्रोजन भरून काही आठवडे ठेवतात, रंगाला धक्का लागत नाही, पण ते घरचं काम नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कन्झर्वेशन सेंटर आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचे लोक आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारा. गोरेगावला सेंट पायसच्या आवारात मुंबई महाधर्मप्रांताचं हेरिटेज म्युझियम आहे, तिथेही एकदा जाऊन या, तुमच्या अंतोनीचे भाऊबंद भेटतील.

पावसाळा तोंडावर आहे. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका (बुरशी), मऊ कोरड्या ब्रशने वरवरची धूळ झाडा आणि मेणबत्ती हातभर लांब. पाण्याचं फडकं नाही. आम्ही लोक कधी कधी काय वापरतो सांगू? थुंकी. कापसाच्या काडीवर स्वतःची थुंकी. मळ निघतो आणि रंगाला सहसा काही होत नाही, जगभर करतात. पण तुम्ही करू नका, कारण कुठे थांबायचं हे हाताला कळायला वर्षं जातात.

स्पष्टच_बोलतो

म्हणजे सणाला तो तसाच पान खाल्लेला उभा राहणार?

कापूसबोळा

हो. ते लाल ओठ पण कोणीतरी प्रेमानेच रंगवलेत. मला विचाराल तर मी हिरवा थरसुद्धा सगळा काढणार नाही, खाली सोनं आहे म्हणून वरची आजी पुसून टाकायची हे मला पटत नाही. आमच्यातल्याच काहींना हे भावुकपणाचं वाटतं, वाटू दे.

माईनकाठी

+१. म्युनरश्टाटच्या वेदीचा रंग पुढे कधीतरी काढून टाकला, आता श्टोसचा रंग कसा होता ते कोणालाच दिसणार नाही.

बावखल

पाच दिवसांनी येतेय. बसून वाचा.

काळ्या कागदावर काही पडलं नाही, एक मुंगी सोडून.

रविवारी आईला भोकाचं सांगितलं, पुस्तकावर बाळ होतं वगैरे. ती म्हणाली, "मग ते गोठ्यातलं नाही ना?" आमच्या नाताळच्या गोठ्यात जो बाळ येशू आहे तो कायम विचित्र होता. बाकी सगळं प्लॅस्टरचं, मरिया, जोसेफ, गाय, मेंढरं, आणि बाळ मात्र लाकडाचं, सगळ्यांच्या मानाने मोठं, आणि झोपायचं सोडून बसलेलं. गवतात टेकून ठेवायला लागायचं, नाहीतर पडायचं. आम्ही पोरं म्हणायचो हा जन्मतःच बसायला लागला. माळ्यावरून पेटी काढली. बाळाच्या बुडाला भोक आणि भोकात मोडकी खुंटी. (कलमराव, लाकूडच आहे, हस्तिदंत नाही, टवक्यातून बघितलं.)

पप्पा तिथेच बसले होते, गप्प. मग बोलले. ते सात-आठ वर्षांचे असताना नाताळच्या आदल्या रात्री गोठ्यातलं प्लॅस्टरचं बाळ त्यांच्या हातून फुटलं. मिस्साला जायची घाई, दुकानं बंद, तर आजीने अंतोनीच्या हातावरचं बाळ उपटून गवतात ठेवलं, आजच्या दिवसापुरतं म्हणून. पप्पांना बजावलं आजोबांना सांगू नकोस. साठ वर्षं सांगितलं नाही!! आणि आजी मरेपर्यंत सगळ्यांसमोर म्हणत राहिली याचं पोर हरवलंय, याला काय सांगायचं. पप्पा म्हणाले ते मलाच ऐकवायची.

बसवून बघितलं. भोकात मेण आहे म्हणून पूर्ण आत जात नाही, बाळ थोडं डावीकडे कलतं, पण बसतं, आणि एवढी वर्षं कुठेतरी तिसरीकडेच बघणारा अंतोनी आता बाळाकडे बघतोय. चिकटवलं नाही, खुंटीला हात लावला नाही, @कापूसबोळा रागावू नका, फोटो काढून लगेच काढून ठेवलं.

रंधा

मेण काढायला जाऊ नका. मी येतो वसईला, लांबूनच बघेन, हत्यार आणत नाही.

कापूसबोळा

रागावू कशाला, मी इथे ऑफिसात डोळे पुसतेय. बाळाच्या अंगावरचे थर अंतोनीपेक्षा कमी असणार, कारण त्याला खिडकीचा रंग लागलाच नाही! मूळ कातडीचा रंग बहुतेक त्याच्याकडेच सापडेल. दोघांना एकत्र दाखवायला न्या.

होडीवाला

सगळं झालं, पण ह्या नाताळला गोठ्यात कोण?

बावखल

पप्पा बाजारात जाऊन प्लॅस्टरचं नवीन घेऊन आले, जूनमध्येच. दुकानदार विचारत होता एवढ्या लवकर कशाला. म्हणाले उधारी आहे जुनी.